रुक्मिणीमावशीचा शेक

तुम्हाला पहिली आंघोळ कोणी घातली, सांगा बघू?

आईने नव्हे. आई तेव्हा खाटेवर पडून होती. आजी दारात उभी राहून सूचना करत होती. तुम्हाला नागडं करून, पाय लांब पसरून, आपल्या नडग्यांवर पालथं निजवून कढत पाण्याने रगडणारी बाई वेगळीच होती. कान, नाक, बेंबी, बगला, जांघा, तुमच्या अंगाचा कोपरा न् कोपरा त्या बाईने हाताळलाय. तिचं नाव विचारलं तर तुम्ही आढ्याकडे बघाल. शाळेतल्या मास्तरांची नावं पाठ, पंचांची पाठ, आमदाराच्या जावयाचंसुद्धा पाठ. हिचं नाही. मला याचा राग येतो, आणि आला की मी लपवत नाही.

आमच्या कोरगावात ती बाई म्हणजे रुक्मिणीमावशी.

मावशी मूळची सावंतवाडीकडची. लग्न होऊन पेडण्यात आली, नवरा लवकर गेला. सासू बाळं न्हाऊ घालायची, तिच्या हाताखाली ही शिकली. एक मुलगी झाली, सुविधा. तिला वाढवता वाढवता मावशीने अर्ध्या गावाला न्हाऊ घातलं. सकाळी लुगडं खोचून निघाली की वाटेत कोणी बोलवायची सोय नाही. "थांबूक वेळ नाय, भाण तापला असात." भाण म्हणजे न्हाणीतलं ते मोठं तांब्याचं पातेलं. मावशी घरात शिरली की पहिल्यांदा भाणात बोट घालून बघणार, मग आजीला न्हाणीबाहेर काढणार, मग बाळाशी बोलायला लागणार.

"ये रे माज्या राजा. बापाशीवर गेलंस, पाणी बघल्यार बोंब मारतंस. बापूससुद्धा असोच होतो, तेका पण मीच धुतलंय."

बाहेर पेपर वाचत बसलेला बाप कान लाल करून पेपर आणखी वर धरणार.

ती अडाणी नव्हती, हे आधीच सांगते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने एकदा सांगितलं, बाळाच्या कानानाकात तेल घालू नका. मावशीने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवसापासून सोडलं. धुरीने बाळांना खोकला लागतो म्हटल्यावर ऊदसुद्धा बंद केला. एक गोष्ट मात्र सोडली नाही. न्हाणं झालं की शेगडीत निखारे घ्यायचे, त्यांवर आपले तळहात धरायचे, आणि ते ऊन हात बाळाच्या पोटावर, पाठीवर, पायांवर ठेवायचे. हा मावशीचा शेक. तो घेतला की कसलंही रडवं मूल झोपायचं. आया म्हणायच्या, मावशीच्या हातात गुंगी आहे. मावशी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण पदर दोनदा सारखा करायची. अभिमान होता तिला. असायलाच हवा होता. आपल्या लोकांना गरीब बाईने अभिमान बाळगलेला खपत नाही, मला खपतो.

सुविधाचं लग्न डिचोलीला झालं. नवरा निखिल, खाणीवर टिपर चालवतो. सासू कमलाक्षी, बाजारात नारळ-केळ्यांचं दुकान चालवणारी, जिभेला धार असलेली बाई. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. मावशीच्या घरात मग काय, सण. गावभर दुसऱ्यांची बाळं न्हाणाऱ्या बाईच्या घरी स्वतःची नात येणार.

तालुक्याच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. गोरीपान, वजनाने चांगली, रडणं खणखणीत. मी बघायला गेले तेव्हा नर्स बाळाच्या एका हाताला आणि मग पायाला चिमट्यासारखं काहीतरी लावून आकडे वाचत होती. मावशी मान वाकडी करून बघत उभी.

"ह्या काय गो? चेडवाक लायटीचो मीटर बसयतंस?"

नर्स हसली. "मावशी, रक्तात प्राणवायू किती पोचतो ते बघतेय. हृदयात मोठा दोष असला तर यात पुष्कळदा कळतो."

"माज्या नातीच्या काळजात कसलो दोष? आवाज ऐकलंस मगो?"

आकडे चांगले आले. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू काही तिनेच पेपर सोडवला होता.

घरी सोडताना बालरोगाच्या डॉक्टरांनी बाळाला परत तपासलं आणि निखिलला सांगितलं, "आज सगळं ठीक आहे. तरी या दिवशी परत आणा. हृदयाचे काही दोष पहिल्या दोन-तीन दिवसांत लपून राहतात, नंतर दिसतात." फाइलीवर तारीख लिहून दिली. निखिलने मान हलवली. ती तारीख कुठल्या दिवशी पडते, हे तिथे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. आमच्याकडे पहाटे मोपाच्या सड्यावरून, त्या उघड्या पठारावरून, वारा उतरतो तो सरळ घरात शिरतो. मावशीने खोलीचं जनेल गोणपाटाने बंद केलं, दाराला जुनी चादर लावली. घरं शेजारी-शेजारी, मधे नुसता चिऱ्यांचा गडगा, बुटकी भिंत, त्यामुळे तिच्या न्हाणीतला आवाज माझ्या चुलीपर्यंत यायचा. पहिले दोन दिवस बाळाच्या किंकाळ्या आणि मावशीची बडबड. मग किंकाळ्या कमी झाल्या. मला वाटलं, गुंगी चढली मावशीच्या हाताची.

पाय गार आहेत, हे पहिल्यांदा मावशीलाच कळलं. आणखी कोणाला कळणार? तिच्याएवढं त्या मुलीला कोणी धरतच नव्हतं. मी पेज घेऊन गेले होते. मावशी नडग्यांवर मुलगी घेऊन बसली होती, आणि तेल लावता लावता थांबली.

"बघ गो सरस्वती, हात ऊन असत, पाय तेवढे गार."

मी हात लावला. खरंच. हात गरम पोळीसारखे आणि पाय दगडावरच्या दवासारखे.

"थंडीमुळे?" मी विचारलं.

"सड्यावयलो वारो. पायातसून शिरता तो. थांब, आता बघ कसा पळयतंय तेका."

शेगडी जवळ ओढली. तळहात निखाऱ्यांवर धरले, ते एवढे की मलाच चटका बसला, आणि दोन्ही मुठींत ती इवलीशी पावलं धरून बसली. थोड्या वेळाने पावलं ऊन झाली, लालसर दिसू लागली. मावशीने सुविधाला हाक मारून दाखवली. "गेलो मगो वारो?"

दुसऱ्या दिवशी पाय परत गार. परत शेक. मग दिवसातून कितीदा तरी. मोजे, मोज्यांवर मोजे, त्यावर शालीचं गाठोडं. जो कोणी बघायला यायचा त्याला गाठोड्यातून नुसतं तोंड दिसायचं, आणि पाय बघायचे म्हटलं तर ते नुकतेच शेकलेले असायचे.

सुविधा म्हणाली, "आये, ह्या दूध ओढता आणि मधीच दमता. कपाळार घाम येता, बघ."

मावशी खूश झाली. "थंडीत घाम फुटता म्हणजे शेक लागू पडलो. बरा असा."

"आणि सारखा निजता."

"निजता ता बरा की वायट? त्या वाड्यावयल्या परेशाच्या झिलान घर डोक्यार घेतलेला, तसा होया तुका?"

मोपाच्या विमानतळावरून सुटलेलं विमान घरावरून गेलं की आमच्या कौलांतली धूळ खाली पडते. गावातली सगळी बाळं दचकतात. ही मुलगी पापणीसुद्धा हलवत नव्हती. येणारी-जाणारी म्हणायची, किती गुणी पोर. लंगोटही कमी भिजायचे, ते तर धुणाऱ्याला सुखच. एकेक गोष्ट अशी की तिचं कौतुक व्हावं.

सहाव्या दिवशी सटी. हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पाट मांडायचा, दिवा विझू द्यायचा नाही, बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. देवी आली आणि बाळ घरात नसलं, तर लिहिणार कुणाच्या कपाळावर?

सकाळीच निखिल मित्राची गाडी घेऊन आला. सोबत कमलाक्षी, केळीचा घड, नारळ, खण. निखिलच्या काखेत हॉस्पिटलची फाइल.

"मामी, आज डॉक्टरांनी बोलावलंय. जाऊन येऊ पटकन?"

"आज?" मावशी पाटावर रांगोळी घालत होती. "आज सटी."

"दुपारपर्यंत परत येऊ."

"सटीच्या दिसा चेडवाक उंबऱ्याभायर काडूचा नाय. बारसो झालो की खय न्हेवचा थंय न्हे."

इथेच ते संपलं असतं, किंवा निखिलने आणखी जरा ताणलं असतं आणि मावशी ऐकलीही असती. जावई म्हणजे देव, तिने ऐकलंच असतं. पण कमलाक्षीने तोंड उघडलं.

"विहीणबाय, डॉक्टर काय पंचांग बघून बोलयतात? आमच्या डिचोलेंत सटी असली तरी लोक दोतोराकडे वतात हां."

"तुमच्या डिचोलीत सगळ्या चलता," मावशी म्हणाली. "बाजारातली माणसां तुम्ही."

"बाजारातली म्हणून शाणी. पोर केन्नाय बघता तेन्ना निजलेलीच. हांगां जेवण-बिवण दितात काय नुसतोच शेक?"

हे ती थट्टेत बोलली. विहिणी-विहिणींत असं चालतंच, त्याशिवाय घड गोड लागत नाही. पण घाव बसला तो मावशीच्या बरोब्बर हातांवर. मावशी उठली. रांगोळीची बोटं पदराला पुसली.

"कमलाक्षीबाय, ह्या गावात जी माणसां चलतत-फिरतत ना, ती माज्या हातातसून चलाक लागली. माका पोर सांभाळूक शिकवू नको. माज्या घरात माजी नात माज्या हातात असताना तेका डॉक्टर कित्याक? ताप असा? खोकलो असा? रडता तरी काय?"

निखिलने सुविधाकडे बघितलं. सुविधाने आईकडे बघितलं, मग सासूकडे, आणि खाली मान घातली. दोन आयांच्या मधे सापडलेल्या मुलीला तिसरी वाट नसते. निखिलने फाइल कपाटावर ठेवली आणि पानं आणायला कोरगावच्या तिठ्यावर गेला. कमलाक्षीने केळी सोलून सगळ्यांना दिली, थोड्या वेळाने दोघी विहिणी मिळून पुरणाला हात लावू लागल्या. भांडण मिटलं. दिवा रात्रभर तेवला.

दोन दिवसांनी सकाळी मावशीने गडग्यावरून हाक मारली. तिची हाक मी आयुष्यभर ऐकलीय, पण असली नव्हे.

मी धावत गेले. न्हाणीत भाण उकळत होतं आणि मुलगी कोरडीच पायांवर पडली होती. रंग राखेसारखा. श्वास भराभर, आणि प्रत्येक श्वासाला बारीक कण्हणं. मावशी तिच्या पावलांवर शेकलेले हात ठेवत होती, काढत होती, परत शेकत होती, परत ठेवत होती.

"तापत नाय गो," ती म्हणाली. "आज तापतच नाय."

मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं मला मोर्च्यांनी आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांनी शिकवलं. पण माणूस जातंय हे कळायला शाळा लागत नाही. एकशे आठला फोन लावला, ती येईपर्यंत शिव्या दिल्या, आली तेव्हा शिव्या गिळल्या.

तालुक्याच्या हॉस्पिटलात तेच डॉक्टर होते. त्यांनी शाल काढली, एकावर एक मोजे काढले, आणि दोन बोटं मुलीच्या जांघेत ठेवली. ठेवून उभे राहिले. दुसऱ्या बाजूच्या जांघेत. मग दंडाच्या आत. मग परत जांघेत. मला वाटलं काय शोधताहेत एवढं? तो चिमटा लावला, हाताला आकडे आले, पायाला आकडा येईचना. डॉक्टरांनी तिथल्या तिथे बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला आणि आम्ही परत गाडीत बसलो.

बांबोळीला एक तरुण डॉक्टरीण होती. मुलीच्या छातीवर यंत्राचा गोळा फिरवत पडद्यावर बघत राहिली. आत औषध सुरू झालं, तोवर डिचोलीहून निखिल आणि कमलाक्षीही येऊन पोचले. मग बाहेर येऊन तिने बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना समजावलं, आणि मला आजपर्यंत एवढं सोपं करून कोणी काही सांगितलेलं नाही.

हृदयातून एक मोठी नळी निघते, महाधमनी. ती वर जाऊन वळते आणि खाली पोटाकडे, पायांकडे उतरते. वळणावर डोक्याच्या आणि हातांच्या फांद्या फुटतात. या मुलीची नळी त्या फांद्यांच्या पुढे चिमटलेली होती, जन्मापासूनच. म्हणजे हातांना रक्त मिळत होतं, खाली नाही.

"मग पहिले दिवस?" निखिलने विचारलं. "तेव्हा तर चांगली होती."

"पोटात असताना बाळाला एक आडवाट असते," ती म्हणाली. "एक छोटी नळी. जन्मल्यावर काही दिवसांत ती आपोआप बुजते, सगळ्यांचीच. ती उघडी होती तोपर्यंत हिच्या पायांना तिथून रक्त जात होतं, म्हणून सगळं ठीक दिसलं. ती बुजत गेली तसतसे पाय गार होत गेले, दूध पिताना दम लागला, घाम आला, लघवी कमी झाली. आम्ही आता औषधाने ती वाट उघडायला बघतोय. उघडली आणि मूल सावरलं, तर ऑपरेशन." मग थांबून तिने विचारलं, "पाय गार कधीपासून आहेत?"

मावशी म्हणाली, "सटीच्या आदीपासून."

डॉक्टरणीने नुसती मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मी तरी तिच्यावर ओरडले असते.

मावशी तिच्या मागोमाग काचेच्या दारापर्यंत गेली. "बाय, त्या डॉक्टरांनी जांगेत बोटां घालून काय बघलां ता माका दाखय."

"मावशी, आता..."

"माका दाखय गो. रोज तेल लावलंय मी थंय."

डॉक्टरणीने तिला हात धुवायला लावले, आत नेलं. मी काचेतून बघत होते. तिने मावशीची दोन बोटं धरून मुलीच्या दंडाच्या आत ठेवली. मावशीने मान हलवली, लागतंय. मग तीच बोटं जांघेत नेऊन ठेवली. मावशी वाकली. डोळे मिटले. बोटं जरा इकडे, जरा तिकडे, किती वेळ. त्या बोटांना पोटातला वारा कळायचा, निखळलेलं हाड कळायचं, अंगातला बारीक ताप कळायचा. तिथे ठोकाच नव्हता, आणि नसलेला ठोका तिने याआधी कधी शोधलाच नव्हता. कोणी तिला सांगितलंच नव्हतं की तिथे एक ठोका असतो.

बाहेर आली ती भिंतीला धरून. "काय नाय थंय," मला म्हणाली. "सरस्वती, थंय कायच नाय. आणि मी वरसून उब देय होतंय."

आडवाट उघडायला उशीर झाला होता. किडन्या थांबल्या, मग बाकीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

हॉस्पिटलच्या कागदावर तिचं नाव 'सुविधाचं बाळ' एवढंच. बारसं व्हायचं होतं, आणि बारशाआधी नाव उच्चारायचं नसतं. कोरगावला जाताना गाडीत निखिल पुढे बसला होता, मांडीवर ते गाठोडं. मधेच मागे वळून म्हणाला, "सरस्वतीताई, गौरवी ठेवणार होतो." सुविधालाही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती ते ओठांत म्हणत राहिली. कमलाक्षी, जिच्या जिभेला धार असते असं मी वर लिहिलं, ती वाटभर मावशीचा हात धरून बसली होती. मावशी म्हणाली, "बोल काय ता, कमलाक्षी. बोल." कमलाक्षी म्हणाली, "पाणी पियात विहीणबाय."

मातीत ठेवताना मावशी पुढे झाली. मला वाटलं शेवटचं बघतेय. तिने शाल उघडून मुलीचे पाय बाहेर काढले, आपल्या दोन्ही मुठींत धरले आणि सोडेना. निखिलने एकेक बोट सोडवलं.

आता माझं. मला भांडायचं होतं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाय. मी पंधरवड्याने फाइल घेऊन तालुक्याच्या हॉस्पिटलात गेले, मोर्च्याचे बोर्ड-बिर्ड लिहायची तयारी करून. म्हटलं, तुमच्या मशीनने कसं सांगितलं सगळं ठीक आहे? डॉक्टरांनी खुर्ची दिली. म्हणाले, मशीन चुकलं नाही, तेव्हा आडवाट उघडी होती. हा दोष त्या चिमट्याला पुष्कळदा सापडत नाही. तो सापडतो नंतर, बोटांना, जांघेत. म्हणून परत बोलावलं होतं. मी विचारलं, त्या दिवशी आणली असती तर वाचली असती का? म्हणाले, खात्री कोण देणार, पण अशी बरीच मुलं वाचतात, ऑपरेशन होऊन शाळेत जातात.

मी पायऱ्या उतरले. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला माणूस मिळेना. नर्सने चिमटा लावला होता. डॉक्टरांनी तारीख दिली होती. निखिल गाडी घेऊन आला होता. कमलाक्षीने जा म्हटलं होतं. आणि मावशीने तर पाय सर्वांच्या आधी ओळखले होते. आता सटवाईवर मोर्चा नेऊ? ती बिचारी तर बाळाच्या कपाळावर चांगलंच लिहायला आली असेल.

गावाला मात्र माणूस लगेच मिळाला. रुक्मिणीचा हात वाईट. ज्या घरांनी तिच्या हाती मुलांमागून मुलं दिली, तीच म्हणू लागली. तिठ्यावर एकाने माझ्यासमोर म्हटलं. त्याला मी जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. सुविधा डिचोलीला गेली. तिने आईला दोष दिला नाही, पण फोनही केला नाही. मावशी अधूनमधून सकाळची बस धरून डिचोलीला जाते. घरी जात नाही. बसस्टँडवर बसते आणि परतीच्या बसने येते. मी विचारलं, "मग जातेस कशाला?" म्हणते, "तिच्या लागी, जवळ असल्यासारखा वाटता."

रेश्मा म्हणून आमच्या वाड्यावरची एक सून, लोकांचं न ऐकता गेल्या महिन्यात आपलं बाळ घेऊन मावशीच्या दारात आली. "तुमीच न्हाऊ घाला." मी गडग्यावरून बघत होते. मावशीने बाळ पायांवर घेतलं. तेल घेतलं. पाय धरले. आणि तिथेच राहिली. तेल वाळलं, पाणी निवलं, बाळ रडून लाल झालं, मावशीची बोटं त्याच्या जांघेत.

"माका कळना," ती म्हणाली. "असा की नाय ता कळना. डॉक्टरकडे न्हे तेका."

रेश्मा घेऊन गेली. बाळ ठणठणीत. परत आणलं. मावशीने परत बोटं ठेवली, परत म्हणाली, "न्हे तेका." तिसऱ्या वेळेला रेश्माची सासू आली आणि बाळ उचलून गेली, जाताना म्हणाली, म्हातारी भ्रमिष्ट झाली. त्या बाळाचे पाय ऊन होते. मी स्वतः हात लावला होता. पण मावशीचे हात आता थरथरतात, आणि थरथरत्या बोटांना दुसऱ्याचा ठोका लागत नाही, आपलाच लागतो.

भाण उपडं पडलंय. शेगडीत मांजर व्यालीय.

म्हणून तुम्हाला विचारत नाही, सांगते. वाचून "अरेरे" म्हणून पान उलटू नका, अरेरे मला नको. तुमच्या घरी, शेजारी, भावकीत कुठे नवं बाळ आलं असेल तर आज जाऊन विचारा, डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय. त्या दिवशी सटी असो, सोयर असो, विहिणी भांडत असोत, न्या त्याला. सटवाई आई आहे, ती ओसरीवर थांबेल. दूध पिताना बाळ दमत असेल, घामाघूम होत असेल, पाय हातांपेक्षा गार लागत असतील, तर तारखेचीही वाट बघू नका, तसंच उचला. आणि जी बाई तुमच्या बाळाला न्हाऊ घालते, तिला दवाखान्यात बरोबर घेऊन जा. तिचं नाव घेऊन डॉक्टरांना म्हणा, हिची दोन बोटं धरा आणि ठोका कुठे असतो तो हिला दाखवा.